कुत्र्याला कारमधून गावी नेताना कायदा आडवा येतो का? आणि त्याला पुढच्या सीटवर बसवलं तर चालतं का?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो. गणपतीला पुण्याहून गुहागरला जाताना तुमचा तीस किलोचा लॅब्राडोर सवयीप्रमाणे पुढे, ड्रायव्हरशेजारी बसणार, आणि घाटात कंटाळला की मांडीवर डोकं टेकवणार, असं तुम्ही लिहिलंय. तर पुढे बसवू नका. पोलीस पकडतील म्हणून नाही, ते बहुतेक पकडणारही नाहीत. कारण वेगळं आहे, त्याकडे येतो. मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, घरी एक गावठी कुत्रा आहे आणि त्याला घेऊन दरवर्षी कोकणात जाणं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत.

आधी कायदा. स्वतःच्या खासगी गाडीतून कुत्रा-मांजर न्यायला मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कुठेही मनाई नाही. त्यांना बेल्ट लावायची सक्तीही नाही. मागे बसलेल्या काकूंनी बेल्ट लावला नाही तर कलम १९४ ब खाली एक हजाराचं चलान फाटतं, त्यांच्या शेजारच्या कुत्र्याला माफ आहे. म्हणून लोक म्हणतात की आपल्याकडे याबाबत कायदाच नाही. पण कलम १२५ वाचा. ड्रायव्हरच्या गाडीवरच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने कोणाला बसू किंवा उभं राहू देऊ नये, किंवा कुठलीही वस्तू ठेवू नये, असं ते सांगतं. मांडीवरचा कुत्रा, गिअरच्या दांड्यावर पाय टाकून बसलेला कुत्रा, डॅशबोर्डवर पसरलेली मांजर, सगळं यात बसवता येतं. आणि अशा अवस्थेत गाडी खरंच भलतीकडे गेली तर कलम १८४ आहे, धोकादायक ड्रायव्हिंगचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरा कायदा प्राण्याच्या बाजूचा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा तऱ्हेने वाहनातून नेणं, आणि हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. बंद डिकीत कुत्रा टाकून नेणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून हे लिहितोय. यात पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याचा दंड ऐकून हसाल, दहा ते पन्नास रुपये. १९६० साली तो दंड वाटत असेल. पण तेवढ्यावर निभावेल असं धरून चालू नका. मुद्दाम केलेल्या छळात प्राणी मेला किंवा कायमचा जायबंदी झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकतं आणि तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

कागदांचं म्हणाल तर स्वतःच्या गाडीने, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाताना कुत्र्याचे कागद कोणी तपासल्याचं मला आठवत नाही. गणपतीच्या नाकाबंदीत पीयूसी आणि लायसन्स मागतात. तरीही लसीकरणाचं पुस्तक गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. रेबीजची तारीख त्यात चालू असली पाहिजे. कुत्रा गावात कोणाला चावला, नुसता ओरखडा जरी निघाला, तरी पहिला प्रश्न तोच येतो. पुणे महापालिकेचा परवाना काढला असेल तर त्याचीही झेरॉक्स असू द्या. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, त्यात कुत्र्या-मांजरांसोबत पशुवैद्यकाचा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला असावा असं म्हटलंय. रेल्वेने किंवा पेट टॅक्सीवाल्यामार्फत पाठवायचं असेल तर तो काढाच. एरवीही डॉक्टरांकडे जाणार असालच, लिहून घ्यायला काय जातं?

जाता जाता एक. घरात पिंजऱ्यातला मिठू असेल आणि गावी जाताना तोही गाडीत घ्यायचा बेत असेल, तर अडचण प्रवासाची नाहीच. आपला देशी हिरवा पोपट पाळणंच वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. वन खात्याच्या नाक्यावर तो पिंजरा दिसला तर गणपती राहतील बाजूला. तेच चांदणी कासवाचं.

आता पुढच्या सीटबद्दल. आमच्याकडे एक बाई रिफ्रेशर करायला यायच्या. लायसन्स जुनं, सराव तुटलेला, आणि पॉमेरेनियन सोडून कुठे जात नसत. मी नको म्हणत असतानाही एकदा त्याला मांडीवर घेऊन बसल्या. मोकळं मैदान होतं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. त्यांनी स्टिअरिंग वळवलं, पॉम घसरला आणि थेट पायाखाली गेला, ब्रेकच्या पेडलच्या मागे. बाईंनी ब्रेक दाबायला पाय उचलला आणि तसाच वर धरला, कारण खाली कुत्रा! शिकवण्याच्या गाडीला माझ्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणून गाडी थांबली. तुमच्या गाडीला तो नसतो. चार किलोच्या कुत्र्याने हे केलं, लॅबचं तुम्हीच बघा.

शेजारच्या सीटवर मांडीचा प्रश्न येत नाही, पण एअरबॅग येते. २०२२ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या आहेत. ती ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने उघडते आणि बेल्ट लावून ताठ बसलेल्या मोठ्या माणसाच्या छातीचा हिशेब करून बनवलेली असते. पुढे वाकून डॅशबोर्डशी तोंड नेऊन बसलेल्या कुत्र्याचं ती काय करेल हे सांगायला नको. एअरबॅग बंद करायचं बटण आपल्याकडच्या फार थोड्या गाड्यांत असतं.

मग मागे मोकळा सोडला तर? ताशी पन्नासच्या वेगात गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतली न बांधलेली प्रत्येक गोष्ट त्याच पन्नासने पुढे जाते. तो धक्का साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. तुमचा तीस किलोचा कुत्रा सेकंदाच्या दहाव्या भागात थांबला, तर ज्याच्या पाठीवर तो थांबेल त्याला चारशे किलोचा रेटा बसेल. पुढे बसलेल्या माणसाने बेल्ट लावलेला असतो, तो पुढच्या धडकेसाठी. मागून येणाऱ्या लॅबसाठी नाही. आणि हा वेग काही जास्त नाही, उंब्रजपर्यंतच्या हायवेवर आपण सगळेच याच्या दीडपट चालवतो.

म्हणून हार्नेस घ्या, छातीवरून जाणारा, रुंद पट्ट्यांचा. गळ्यातल्या पट्ट्याला गाडीत कधीही काही अडकवू नका, नुसत्या जोरात मारलेल्या ब्रेकलाही मान जाते. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना एक दोरी मिळते, एका टोकाला हूक आणि दुसऱ्या टोकाला बकलमध्ये खटकन बसणारी पट्टी. कुत्रा पुढे उडी मारू नये इतपत ती ठीक आहे. पण तिचा हूक हातात घेऊन बघा, किल्लीच्या जुडग्याचा असतो तितपतच असतो. शिवाय लॅबसारख्या जड कुत्र्याचा पंजा बकलच्या लाल बटणावर पडला की ती आपोआप सुटते, आणि तुम्हाला मागचं काही कळत नाही. त्यापेक्षा ज्या हार्नेसला पाठीवर जाड कापडी फास असतो तो घ्यावा आणि गाडीचा स्वतःचा बेल्ट त्यातून ओवून लावावा. लांबी इतकीच ठेवा की त्याला बसता येईल, आडवं होता येईल, पण सीटची कड ओलांडता येणार नाही.

पाकिटावर ‘क्रॅश टेस्टेड’ छापलेलं असतं, त्याला भुलू नका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने सुबारू कंपनीबरोबर बाजारातले हार्नेस खऱ्या क्रॅश टेस्टला लावले होते, नकली कुत्रे बसवून. कुत्र्याला दरवेळी सीटवरच रोखून धरणारा त्यातून एकच निघाला. बाकीचे तुटले तरी किंवा कुत्रा पुढे फेकला गेला तरी. तरीसुद्धा हार्नेस लावाच. रोजच्या प्रवासात टक्कर क्वचित होते, करकचून ब्रेक मात्र सारखे लागतात, आणि तिथे साधा हार्नेसही पुरतो. सीटवर झोळीसारखं टाकायचं कव्हर मिळतं, ते नखांपासून सीट वाचवतं आणि कुत्रा पायाच्या जागेत पडत नाही. त्याला सुरक्षितता समजू नये एवढंच. गाडी एसयूव्ही असेल आणि मागची डिकी आतून मोकळी असेल, तर मध्ये पक्की जाळी लावून मागे बसवणं लॅबसाठी उत्तम. मांजर मात्र बंद कॅरिअरमध्येच न्यायची, आणि कॅरिअर पुढच्या सीटच्या मागे खाली, पायाच्या जागेत घट्ट बसवायचा.

ब्रिटनमध्ये हायवे कोडच्या नियम ५७ मध्ये हेच सांगितलंय, हार्नेस, कॅरिअर, पिंजरा किंवा जाळी. तिकडे राहणाऱ्या माझ्या मामेभावाला ते पाठ आहे. इथे सुट्टीवर आला की कुत्र्याचं डोकं खिडकीबाहेर काढून फोटो काढतो, तो भाग वेगळा.

खिडकीचं आलंच आहे तर सांगतो. डोकं बाहेर काढू देऊ नका. डोळ्यात खडी जाते, आणि घाटात समोरून येणारी एसटी किती चिकटून जाते हे तुम्हाला माहीत आहे. ड्रायव्हरच्या दारावर मागच्या काचा लॉक करायचं बटण असतं, ते दाबून ठेवा. कुत्रा दारावर पाय ठेवून उभा राहिला की पंज्याने काच खाली होते, किंवा वर होते, आणि मध्ये त्याची मान असते. दारांचा चाइल्ड लॉकही लावा.

घाटातली उलटी. कुंभार्लीची वळणं माणसांना सोसत नाहीत, कुत्र्यांचं काय घेऊन बसलात. निघण्याआधी तीन-चार तास जेवण देऊ नका, पाणी थोडं थोडं चालेल. तोंडातून लाळ गळायला लागली, सारखा ओठ चाटायला लागला की दहा मिनिटांत उलटी येणार असं समजून गाडी जागा बघून बाजूला घ्या. आपण अ‍ॅव्होमिन घेतो म्हणून त्यालाही अर्धी, हा उद्योग नको. कुत्र्यांच्या उलटीवर मॅरोपिटंट नावाचं औषध असतं, वजन बघून डॉक्टरच देतील. झोपेची गोळी तर नकोच, गुंगीतला कुत्रा वळणावर स्वतःचा तोल सांभाळू शकत नाही.

सगळ्यात जास्त भीती मला थांबण्याची वाटते. ‘पाच मिनिटं, मिसळ खाऊन येतो’ म्हणून काचा चार बोटं उघड्या ठेवून कुत्रा गाडीत सोडतात. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मोजून दाखवलंय की उन्हात उभ्या गाडीत तासाभरात सुमारे बावीस अंशांनी तापमान चढतं, त्यातलं ऐंशी टक्के पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने जवळजवळ काही फरक पडत नाही. भाद्रपदात पाऊस उघडला की ऊन कसं चटकतं! बाहेर तीस असेल तर आत पन्नास. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो, आणि लॅब तसाही जाड. पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या जातींचं तर विचारूच नका.

त्यावर हुशार उपाय म्हणजे एसी चालू ठेवून जाणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे, सार्वजनिक ठिकाणी उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस नसेल तर इंजिन बंद हवं. कायदा सोडा, चावी आत, इंजिन चालू, आणि कुत्र्याचा पाय सेंट्रल लॉकच्या बटणावर, मग दगड शोधत फिरा. पाळीपाळीने खा. एक जण कुत्र्यापाशी, बाकीचे आत. कधी तो फार धापा टाकतोय, हिरड्या लालभडक झाल्यात, लडखडतोय असं दिसलं तर सावलीत नेऊन साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फ लावत बसू नका.

ढाब्यावर उतरताना लीश हातात घट्ट धरल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम गाडीतल्या लहान मुलांनाही सांगून ठेवा. तिथली चार कुत्री धावून येतात आणि तुमचा बिथरून रस्त्यावर पळतो. प्रवासात कुत्री हरवतात ती बहुतेक अशीच. गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा मोबाईल नंबर असू द्या.

निघायच्या आधी दोन-तीन रविवारी हार्नेस लावून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत वगैरे चक्कर मारून आणा. पुढे बसायची सवय एका दिवसात सुटत नाही, पहिल्यांदा रडून गोंधळ घालेल. घरातलं कोणीतरी त्याच्याशेजारी मागे बसलं तर लवकर जमतं. डॉक्टरांकडे गेलात की लेप्टोची लस झालीय ना ते विचारा आणि गोचिडीचं औषध लावून घ्या, कोकणात पावसाळ्यात दोन्हीचा त्रास आहे. आणि चिपळूणच्या एखाद्या पशुवैद्यकाचा नंबर आत्ताच मिळवून फोन करून ठेवा. गणपतीचे पहिले दोन दिवस कोणता दवाखाना उघडा असतो, हे तिथे पोचल्यावर शोधण्यात अर्थ नाही.