शेवटची आंतरविद्यापीठ फुटबॉल स्पर्धा झाली, आता पुढं काय?

हे बघ भावा, पहिले काही महिने जड जातातच. संध्याकाळ झाली की पाय आपोआप कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमकडं वळणार. वळू देत. पण आधी ताटाकडं बघ. सराव थांबतो, भूक थांबत नाही. तांबडा-पांढरा पूर्वीसारखाच ओरपलास तर दिवाळीपर्यंत पँटचं बटण लागायचं नाही. गुडघा आत्ताच दाखवून घे, टेप गुंडाळून पेठेतल्या तालमीच्या संघातून उतरायची खुमखुमी नको.

मैदान सोडवत नसेल तर डी लायसन्सचा, म्हणजे प्रशिक्षकाच्या सुरुवातीच्या परवान्याचा, कोचिंग कोर्स कर, नाहीतर पंच हो (शिव्या खायची तयारी ठेव!). सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यात प्रत्येक स्पर्धा चालत नाही. तुझी बसते का विचार आणि प्रमाणपत्रांची पडताळणी जाहिरात निघायच्या आधीच करून ठेव.