वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : जुन्या इंजिनाला आवाज

मॉडेल रेल्वेच्या छंदाविषयी आलेल्या पत्रांपैकी, जुन्या इंजिनात आवाज बसवण्यासंबंधीची चार पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : वडिलांनी १९८० च्या सुमारास अमेरिकेहून आणलेले एचओ मापाचे (खऱ्याच्या १/८७) एक डिझेल इंजिन माझ्याकडे आहे. ते अ‍ॅथर्न कंपनीचे, निळ्या खोक्यातले असून साध्या १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर आजही धावते. अलीकडे मी डीसीसी (रुळांतूनच डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) कंट्रोलर घेतला आहे. या इंजिनात आवाजाचा डिकोडर (आज्ञा वाचून इंजिन चालवणारे व आवाज काढणारे छोटे सर्किट) बसवता येईल का? कोणता घ्यावा? की सरळ नवे इंजिन घ्यावे? — एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : बसवता येईल. मात्र कोणता डिकोडर घ्यावा, हा आपण विचारलेला प्रश्न सर्वांत शेवटी सोडवायचा आहे, कारण जुन्या इंजिनात आवाज बसवताना बहुतेक श्रम आवाजावर नव्हे, तर ते इंजिन डिकोडर स्वीकारण्याजोगे करण्यावर खर्च होतात.

साध्या पद्धतीत रुळांवरचा वीजदाब थेट मोटरला मिळतो आणि तो कमीजास्त केला की वेग बदलतो. डीसीसीमध्ये रुळांवर सतत पूर्ण दाब असतो, त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते आणि त्या उलटापालटीतच आज्ञा दडलेल्या असतात. डिकोडर त्या वाचतो आणि मोटरला, दिव्यांना व स्पीकरला आपल्या हाताने वीज देतो. म्हणून मोटरची दोन्ही टोके डिकोडरखेरीज कशालाही जोडलेली असता कामा नयेत, ही पहिली अट. आपल्या इंजिनात नेमकी हीच अट मोडलेली आहे. त्या काळच्या या इंजिनांत मोटरच्या खालच्या ब्रशची पितळी पट्टी धातूच्या चासीला टेकलेली असते आणि चासी हीच विजेची एक वाट असते. दुसरी वाट मोटरच्या वरून जाणाऱ्या पत्र्याच्या पट्टीतून दोन्ही बोगींकडे जाते. ही रचना मुळात चांगली आणि टिकाऊ आहे. पण तशाच स्थितीत डिकोडर जोडला, तर रुळांवरची वीज उलट्या बाजूने त्याच्या मोटरच्या तारांत शिरेल आणि तो क्षणात जळेल. अशा जळालेल्या डिकोडरला हमीचा आधार सहसा मिळत नाही.

तेव्हा मोटर बाहेर काढावी, खालच्या पट्टीची चासीला टेकणारी टोके कापावीत किंवा वाकवून सपाट करावीत, मोटरखाली कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीजरोधक टेप) लावावी आणि दोन्ही पट्ट्यांना स्वतंत्र तारा सोल्डर कराव्यात. त्यानंतर मल्टिमीटर सलगता दाखवणाऱ्या खुणेवर ठेवून मोटरचे प्रत्येक टोक चासीशी आणि दोन्ही बाजूंच्या चाकांशी ताडून पाहावे. एकदाही ‘पीं’ असा आवाज येता कामा नये. हीच तपासणी मोटर परत बसवल्यावर पुन्हा करावी, कारण स्क्रू आवळताना टेप फाटण्याची शक्यता असते. पुढच्या दिव्याचा बल्बही बहुधा चासीलाच जोडलेला आढळेल. तो काढून एलईडी आणि १००० ओहमचा रोध बसवावा.

तारांचे रंग ठरलेले आहेत : उजव्या रुळाकडून लाल, डाव्याकडून काळी, मोटरसाठी नारिंगी व राखाडी, पुढच्या दिव्यासाठी पांढरी, मागच्यासाठी पिवळी आणि दिव्यांची सामाईक धन तार निळी. स्पीकरच्या तारांचा रंग मात्र कंपनीनुसार बदलतो, तो माहितीपत्रकात पाहावा.

दुसरी चाचणी मोटरच्या भुकेची. साध्या ट्रान्सफॉर्मरवर १२ व्होल्ट देऊन, अँपिअरमीटर एकसरीत जोडून, फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचे जड चाक) बोटाने एक-दोन सेकंदच पूर्ण थांबवावे आणि किती वीज ओढली जाते ते पाहावे. त्याच वेळी दाबही मोजावा. जुना ट्रान्सफॉर्मर अशा ओझ्याखाली आठ-नऊ व्होल्टांवर घसरतो आणि आकडा खोटाच समाधानकारक दिसतो. एचओ मापाचे आवाजाचे डिकोडर साधारण १ ते १.५ अँपिअर सतत पेलतात. जुन्या मोटरची चुंबके कालांतराने क्षीण होतात आणि क्षीण चुंबकाची मोटर अधिक वीज ओढते. आकडा दीड अँपिअरच्या वर गेला, तर मोटरच बदलून बंदिस्त प्रकारची नवी बसवावी, असे आमचे मत आहे. ब्रश आणि कम्युटेटर साफ करून थोडा फरक पडतो, पण त्यावर विसंबू नये.

आवाजाच्या भानगडीत पडण्यापूर्वी इंजिन साध्या विजेवर, अगदी कमी वेगात, अडखळल्याशिवाय चालले पाहिजे. गिअरमधील वाळलेले ग्रीस काढून प्लास्टिकला चालणारे तेल एखादाच थेंब द्यावे आणि आसांवरच्या गिअरला चीर गेली नाही ना, ते पाहावे. दात घासण्याची खरखर स्पीकरच्या आवाजावर मात करते, आणि तसे इंजिन ऐकताना डिझेलचा नव्हे, पिठाच्या गिरणीचा भास होतो.

आता स्पीकर. बाजारात महागडे डिकोडर घेऊन त्याला उघडा स्पीकर जोडणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते खर्चाचा क्रम उलटा हवा. स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा मागची हवा विरळ होते. पुढची आणि मागची लहर एकमेकींत मिसळली की त्या परस्परांना मारतात आणि सर्वांत आधी खर्जाचे स्वर नाहीसे होतात. म्हणून स्पीकरच्या मागे हवाबंद पेटी हवीच. सुमारे ११ बाय १५ मिलिमीटरचे, मोबाइलमधल्यासारखे चौकोनी स्पीकर पेटीसह बसवले, तर ते उघड्या मोठ्या गोल स्पीकरपेक्षा सरस वाजतात. पेटीचा सांधा गोंदाने पूर्ण बुजवावा. स्पीकरचा रोध डिकोडरला मानवणारा आहे ना, हेही पाहावे : आजचे बहुतेक डिकोडर ८ ओहमचा स्पीकर स्वीकारतात, पण ईएसयू कंपनीचे लोकसाउंड ३.५ हे जुने डिकोडर १०० ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेले होते, आणि असे जुने नग हातोहात विकले जातात. आपल्या इंजिनाच्या टपाखाली, मागच्या बोगीच्या वर, पुरेशी जागा मिळेल. जागेसाठी वजनाचे ठोकळे मात्र काढू नयेत; इंजिनाची ओढण्याची ताकद त्यांच्यावर असते.

टप बसवण्यापूर्वी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, जिथे वीज मर्यादित असते, डिकोडरचा पत्ता वाचून पाहावा. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. तो वाचला गेला, तर जोडणी बहुधा बरोबर आहे; नाही वाचला, तर मुख्य रुळावर इंजिन ठेवण्याचा मोह आवरावा. पहिल्याच दिवशी आवाजाची पातळी निम्म्यावर आणावी. कारखान्यातून ती दिवाणखान्याला न साजेशी ठेवलेली असते.

नवे घ्यावे का, याविषयी : डिकोडरची किंमत आपल्या इंजिनाच्या बाजारभावाहून सहज अधिक होईल. केवळ आवाज हवा असेल, तर तो आधीच बसवलेले नवे इंजिन घेणे व्यवहाराचे ठरते. वडिलांचे इंजिन बोलते करायचे असेल, तर हिशेब वेगळा. तेव्हा काढलेल्या पट्ट्या आणि बल्ब त्याच निळ्या खोक्यात जपून ठेवावेत, म्हणजे कधी मूळ स्थितीत आणावेसे वाटले तर अडणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे डीसीसी नाही आणि घेण्याचा विचारही नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरवर आवाजाचा डिकोडर चालतो असे ऐकले. खरे का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : चालतो, पण अपुरा. डिकोडर जागा होण्यासाठी रुळांवर साधारण पाच-सहा व्होल्ट यावे लागतात. तोवर इंजिन मुके आणि स्थिर राहते, आणि मग गुरगुरत एकदम निघते. थांबवण्यासाठी दाब शून्यावर आणला की आवाजही तुटतो, म्हणजे स्टेशनात उभ्या इंजिनाची घरघर, जी खरी मौज, तीच हाती लागत नाही. हॉर्न मनाला येईल तेव्हा वाजवणेही साध्या कंट्रोलरवर शक्य होत नाही. शिवाय तुकड्या-तुकड्यांनी वीज देणारा कंट्रोलर असेल, तर काही डिकोडर गोंधळतात.

आपल्यासाठी वेगळी वाट सुचवतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत एमपीथ्री वाजवणारे छोटे मॉड्यूल आणि स्पीकर मिळतात. ते टेबलाखाली, स्टेशनाच्या बरोबर खाली बसवावेत आणि इंजिनाचा, हॉर्नचा व फलाटावरच्या गजबजाटाचा आवाज बटणांवर ठेवावा. आवाज इंजिनाबरोबर फिरणार नाही, पण टेबलाखाली मोठ्या स्पीकरला जागा असल्यामुळे खर्ज असा मिळतो, की कोणत्याही एचओ इंजिनाने हेवा करावा.

प्रश्न : अमेरिकी चासीवर मी डब्ल्यूडीएम-२ या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे टप स्वतः तयार करून बसवले आहे. डिकोडरच्या ध्वनिसंचांच्या यादीत ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या इंजिनांचे अनेक आवाज आहेत आणि ते भारदस्त वाटतात. त्यातला एखादा चालेल का? — एक वाचक, घोरपडी

उत्तर : चालणार नाही, आणि घोरपडीच्या डिझेल शेडच्या शेजारी राहून तर मुळीच नाही. डब्ल्यूडीएम-२ चे पहिले नग १९६२ मध्ये अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आले आणि पुढे ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. तिच्यात १६ सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे आल्को २५१ इंजिन असते. तेव्हा यादीत ‘१६ सिलिंडर आल्को २५१’ शोधावे. आल्कोच्या सेंच्युरी ६२८ या अमेरिकी इंजिनाचा संच मिळाला, तर तो अगदी जवळचा.

फरक केवळ कानाचा नाही. आल्को चार-स्ट्रोकचे आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दोन फेऱ्यांत एक ठोका, आणि सोळांचे मिळून दर फेऱ्याला आठ ठोके. उभे असताना मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्यांना सेकंदाला ५३ ठोके पडतात आणि आठव्या नॉचवर, म्हणजे चालकाच्या हँडलच्या शेवटच्या टप्प्यावर, १००० फेऱ्यांना, १३३. ईएमडीची ५६७, ६४५ आणि ७१० ही इंजिने दोन-स्ट्रोकची, त्यामुळे तितक्याच सिलिंडरांत दर फेऱ्याला सोळा ठोके पडतात आणि आवाज सलग गुंजारवासारखा येतो. आल्कोचा आवाज उभ्यानेच डुगडुगतो, नॉच वाढवल्यावर टर्बो मागे रेंगाळतो, काळ्या धुराचा लोट येतो आणि मग शीळ चढते. आता हेही ध्यानात घ्यावे, की सेकंदाला ५३ कंपनांचा मूळ स्वर आपल्या नखाएवढ्या स्पीकरमधून निघणे शक्य नाही. ऐकू येतात ते त्याच्या वरचे स्वर, खडखडाट आणि टर्बोची शीळ. म्हणून संच निवडताना मोठ्या स्पीकरवर नव्हे, तर जो बसवायचा त्याच स्पीकरवर ऐकून निवड करावी.

अमेरिकी संचातील घंटा बंद करावी. आपल्या इंजिनांना ती नसते. तीन किंवा पाच भोंग्यांचा एकत्र वाजणारा हॉर्नही परका वाटतो. लोकसाउंडसारख्या डिकोडरमध्ये त्या कंपनीच्या प्रोग्रॅमरने ध्वनी बदलता येतात, त्यामुळे स्वतः ध्वनिमुद्रित केलेला हॉर्न घालता येईल. ध्वनिमुद्रण सार्वजनिक रस्त्यावरून करावे. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे.

पुढे कधी डब्ल्यूडीजी-४ केलीत, तर मात्र ईएमडी ७१० चाच संच घ्यावा.

प्रश्न : जुन्या इंजिनात आवाज बसवला, पण रुळांच्या सांध्यांवर आणि काट्यांवर (रूळ बदलण्याच्या जागी) तो तुटतो आणि इंजिन पहिल्यापासून ‘स्टार्ट’ होते. डिकोडर सदोष असेल का? — एक वाचक, वारजे

उत्तर : बहुधा नाही. मोटर क्षणभराची वीजतूट फ्लायव्हीलच्या जोरावर पार करते, डिकोडरला मात्र ती जाणवते. जो दोष पूर्वी दिसत नव्हता, तो आता ऐकू येतो. रूळ आणि चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. सॅंडपेपर वापरू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक साचतो. जुन्या इंजिनांची भुकटी दाबून केलेली लोखंडी चाके लवकर मळतात. त्यांच्या जागी निकेल-सिल्व्हरची चाके मिळाली तर घ्यावीत. सगळी चाके वीज घेतात का, हे मल्टिमीटरने पाहावे आणि जी घेत नसतील त्यांना फॉस्फर-ब्रॉन्झच्या पातळ तारेचे स्पर्शक लावावेत.

एवढे केल्यावरच डिकोडरला कपॅसिटरचा साठा, म्हणजे क्षणभराच्या तुटीत वीज पुरवणारा भाग, जोडावा. काही साठे जोडलेले असताना प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डिकोडर वाचला जात नाही, म्हणून त्यांच्या तारेत एक छोटा प्लग ठेवावा, म्हणजे टप उघडून ते तात्पुरते वेगळे करता येतील.