टेम्प्लेट लावण्याआधी बंद झालेली तिकिटं वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंधेरीच्या ऑफिसात गिटलॅब (कोड आणि कामाच्या तक्रारी ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरता, सपोर्टची मंडळी 'पेमेंट होत नाही' एवढी एकच ओळ टाकून तिकीट, म्हणजे अडचणीची नोंद, काढतात, म्हणून टीमच्या लीडने पंधरा प्रश्नांचा टेम्प्लेट, म्हणजे भरायचा तयार नमुना, लावला आणि आता सगळीकडे 'एनए' (लागू नाही) भरून येतंय. टेम्प्लेट काढून टाकावा का?

काढू नका, छाटा. आणि काय ठेवायचं ते मीटिंगमध्ये बसून ठरवू नका. बंद झालेली तीस-चाळीस तिकिटं उघडा आणि डेव्हलपरने पहिली कॉमेंट काय टाकली तेवढंच वाचा. 'कुठलं व्हर्जन?', 'किती वाजता झालं?', 'वायफाय होतं की मोबाइल डेटा?' असे मोजकेच प्रश्न फिरून फिरून येताना दिसतील. टेम्प्लेटमध्ये तेवढेच हवेत. ज्याच्या उत्तरावाचून आजवर कोणाचं अडलं नाही, तो प्रश्न बिनधास्त उडवा. 'प्रायॉरिटी' तर आधी उडवा. समोर ग्राहक ओरडत असताना सपोर्टवाल्याला प्रत्येक तिकीट अर्जंटच वाटणार, ते लीडने ठरवावं.

पेमेंटचंच घ्या. चालत्या लोकलमध्ये ग्राहक यूपीआयने पैसे भरतो, मध्येच रेंज जाते, खात्यातून रक्कम वजा होते आणि ॲपमध्ये 'पेंडिंग' दिसत राहतं. इथे डेव्हलपरला लागतं काय? व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, साधारण वेळ, ॲपचं व्हर्जन आणि पैसे कापले गेले की नाही. चार ओळी! संदर्भ क्रमांक असला की बँकेकडच्या नोंदीशी ताळा घालता येतो. नसला की लॉग, म्हणजे सिस्टिमच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, चाळत बसा. ग्राहकाचा मोबाइल नंबर मात्र मागू नका, तिकीट बरेच जण वाचतात.

प्रश्न साध्या मराठीत लिहा, उत्तरं मराठीत चालतील हेही सांगून टाका. माणूस मोकळेपणाने लिहितो तेव्हा नेमकं घडलेलं लिहितो.

आता गिटलॅबमध्ये कसं करायचं. रिपॉझिटरीच्या, म्हणजे प्रोजेक्टचा कोड जिथे असतो त्या जागेच्या, 'डॉट गिटलॅब' फोल्डरात 'इश्यू अंडरस्कोर टेम्प्लेट्स' नावाचं फोल्डर करून त्यात टेम्प्लेटची मार्कडाउन (साध्या मजकुराची, .md) फाइल ठेवा. ती डीफॉल्ट ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, असायला हवी, बरेच जण इथेच अडकतात. फाइलचं नाव 'डीफॉल्ट' दिलंत तर नव्या तिकिटात ती आपोआप भरलेली येते. शेवटी लेबल (तिकिटाचा प्रकार सांगणारी चिठ्ठी) लावणारी क्विक ॲक्शनची, म्हणजे '/' ने सुरू होणाऱ्या आदेशाची, ओळ टाकून ठेवा, म्हणजे लेबल कोणाला हाताने लावावं लागत नाही. टेम्प्लेट बदललात तरी जुनी तिकिटं आहेत तशीच राहतात, कारण मजकूर तिकीट काढतानाच त्यात उतरलेला असतो.

ओळी सक्तीच्या करता येतील का, असंही विचारलंय. गिटलॅबचा टेम्प्लेट म्हणजे नुसता मजकूर, कोणीही पुसू शकतो. गिटहब या गिटलॅबसारख्याच दुसऱ्या सेवेच्या इश्यू फॉर्ममध्ये (तिकिटाच्या फॉर्ममध्ये) सक्ती आहे, पण ती फक्त पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुल्या, रिपॉझिटरीत चालते, म्हणजे ऑफिसच्या खासगी कोडला तिचा उपयोग नाही. खरं सांगायचं तर सक्ती केलीत की 'एनए'च वाढेल.

सुरुवातीला अर्धवट तिकीट आलं तर परत धाडू नका. सपोर्टवाल्याला फोन लावा, विचारा आणि त्याच्यासमोरच ती ओळ भरा. पुढच्या तिकिटात तिथे काय हवं असतं, ते त्याला त्या फोनवरच कळतं.