हातपाय न झाडताही फिट येते का? फिटचे प्रकार आणि कारणं कोणती?

येते. 'जमिनीवर पडून तोंडाला फेस आला तरच फिट' हे आमच्या घरात इतकी वर्षं ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

माझी धाकटी बहीण कधीच पडली नाही. बोलता बोलता मध्येच थांबायची, नजर एका जागी खिळायची, काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलायचं आणि एक हात शर्टाचं बटण चिवडत राहायचा. हाकेला ओ नाही. मिनिटभराने भान यायचं, तरी बराच वेळ गोंधळलेली. झटक्याच्या आधी पोटातून काहीतरी वर सरकतंय असं म्हणायची. काकांचं ठाम मत, अभ्यास टाळायची नाटकं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला तेव्हा तर त्यांना पुरावाच मिळाला! शेवटी आईने मोबाईलवर एक झटका टिपला. तो बघून न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय सांगितला आणि मेंदूच्या टेम्पोरल (कानाजवळच्या) भागात जुना व्रण निघाला. तान्ही असताना तापात तिला खूप वेळ आकडी आली होती, त्याचाच तो परिणाम असावा असं डॉक्टर म्हणाले.

हा फोकल प्रकार, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणारा. यात भान राहतं किंवा हरपतं, आणि झटका पसरला तर सगळं अंग आखडतं. मेंदूच्या दोन्ही बाजूंनी एकदम सुरू झाला तर जनरलाइज्ड. त्यात मोठे झटके आलेच, पण मुलांचं काही सेकंद हरवणं (ॲबसन्स), हातातली वस्तू उडवणारे मायोक्लोनिक झटके, अचानक गळून पडणं हेही आलं. कारणं म्हणाल तर डोक्याला मार, पक्षाघात, गाठ, मेंदूतला संसर्ग, जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडणं, आनुवंशिकता. कित्येकांत कारण सापडतच नाही.

प्रकार ओळखणं का महत्त्वाचं? फोकलला चालणारं कार्बामाझेपिन हे औषध ॲबसन्स आणि मायोक्लोनिक झटके वाढवू शकतं. म्हणून काय काय झालं ते डॉक्टरांना बारकाईने सांगा, जमलं तर व्हिडिओ दाखवा. आणि 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे सोंग' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला ईईजी साफ येऊ शकतो, त्यावरून माणसाला खोटं पाडता येत नाही.

अर्थात भान हरपलं की फिटच, असंही नाही. साधी चक्कर असते, मानसिक कारणांचे झटकेही असतात, आणि तेसुद्धा सोंग नसतं. निदान डॉक्टरांनीच करायचं. मोठा झटका आला तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, आणि ५ मिनिटांत थांबला नाही तर व्हिडिओ राहू द्या, रुग्णवाहिका बोलवा.