ऑनलाइन सरकारी शाळा म्हणजे होमस्कूलिंग नव्हे

ताई, अमेरिकेत मुलीला ऑनलाइन सरकारी शाळेत घालायचा विचार करताय, तर आधी हे लक्षात घ्या: हे होमस्कूलिंग नाही. होमस्कूलिंगमध्ये शिकवण्याची जबाबदारी आईवडिलांची. इथे अभ्यासक्रम शाळेचा, शिक्षक शाळेचे, हजेरी लागते आणि तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताच्या राज्य परीक्षाही असतात. त्या बऱ्याचदा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, म्हणून केंद्र किती लांब आहे ते प्रवेशाआधीच विचारा.

फी नसते म्हणून दर्जा कमी, हाही गैरसमजच. खर्च सरकारी पैशातून होतो, इतकंच. आणि हा प्रकार नवाही नाही: फ्लोरिडा राज्याची ऑनलाइन सरकारी शाळा, फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल, १९९७ पासून सुरू आहे.

सगळ्यात महागात पडतो तो समज म्हणजे 'पोर लॅपटॉपसमोर बसलं की आपण मोकळे'. प्राथमिक वर्गांत 'लर्निंग कोच' म्हणून पालकालाच शेजारी बसावं लागतं. पहिलीतल्या मुलाला लॉगिन करून द्या, वहीतल्या गणिताचा फोटो काढून अपलोड करा, थेट तासाला माइक चालू-बंद करा, हे रोजचं. दोघंही पूर्णवेळ नोकरी करत असाल आणि घरी दुसरं मोठं माणूस नसेल, तर लहान मुलासाठी मी हा मार्ग मुळीच सुचवणार नाही. हायस्कूलमध्ये हे ओझं बरंच उतरतं.

आणि मुलाला विशेष शिक्षणाची गरज असेल, तर आयईपीचा (म्हणजे त्या मुलाच्या गरजेनुसार शाळेने आखलेल्या लेखी शिक्षण-योजनेचा) हक्क इथेही कायम असतो. 'ऑनलाइनमध्ये जमत नाही' असं कुणी म्हणालं, तर ते लेखी मागा.