समुद्र ओलांडण्याआधी मूळ पान वाच

पोरी,

अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या चेशरच्या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) सभेने तुझ्या सासरच्या पूर्वजाला अमेरिकेला जाताना दाखला दिला १६९८ च्या सहाव्या महिन्यात आणि फिलाडेल्फियाच्या सभेत तो वाचला गेला जानेवारी १६९८ मध्ये, म्हणजे दिला जाण्याआधीच. हे कसं, असं तू विचारलंस. उत्तर सापडेना म्हणून सासरच्या वंशवृक्षात एका माणसाचे दोन करून मोकळी झालीस. तुझी घालमेल कळते. नोकरी सांभाळून, लेकीला झोपवून मग रात्री हे शोधायला बसतेस. पण मूळ पान उघडलंस का? पत्रात तसं कुठेच दिसलं नाही.

त्या पानावर 'जानेवारी' नसणारच. रोमन देवांची नावं तोंडी नकोत म्हणून क्वेकर महिन्यांना आकडे लावत. इंग्लंडचं वर्ष १७५२ च्या आधी २५ मार्चला सुरू होई; म्हणून मार्च पहिला, ऑगस्ट सहावा, जानेवारी अकरावा. वहीत 'अकरावा महिना, १६९८' असणार. उतरवून घेणाऱ्याने महिना बदलला आणि साल तसंच ठेवलं. आपल्या हिशेबाने तो जानेवारी १६९९. ऑगस्टात निघालेला कागद जानेवारीत वाचला गेला, एवढंच. पण माझ्या सांगण्यावर विसंबू नकोस. पान वाच.

तुझ्या बाबतीत निदान विसंगती दिसली तरी. जॉर्ज बून, म्हणजे प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बूनचे आजोबा, डेव्हनमधल्या ब्रॅडनिंचचे विणकर. १७१७ च्या ऑगस्टात निघून सप्टेंबरअखेर फिलाडेल्फियाला पोचले. डेव्हनमधल्याच कलम्प्टनच्या सभेचा दाखला त्यांनी फिलाडेल्फियाजवळच्या ग्विनेडच्या सभेपुढे ठेवला तो दहाव्या महिन्याच्या ३१ तारखेला. ऑक्टोबरलाही ३१ दिवस असतात, त्यामुळे कुणी ऑक्टोबर लिहिलं तरी सगळं जुळतं आणि शंका येत नाही. पण तो डिसेंबर आहे. अशी चूक पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदते. म्हणून म्हणते, मूळ पान.

आणि हा दाखला म्हणजे काय, हे नीट समजून घे. माणूस कुठल्या सभेतून आला, त्याची वागणूक कशी, कुणाचं देणं बाकी नाही ना, लग्नाच्या बाबतीत मोकळा आहे ना, हे सभेने लिहून सह्या करून द्यायचं. बाप्तिस्मा ते मानत नसत, तेव्हा गावच्या चर्चच्या नोंदवहीत त्यांची मुलं शोधणं फुकट. थडग्यावर दगड लावणंही त्यांना मान्य नव्हतं. लंडनच्या वार्षिक सभेने १७१७ मध्ये आधी लावलेले दगडसुद्धा काढायला सांगितले. मग उरतं काय? सभेची वही. लग्नाआधी जोडप्याने सभेपुढे दोनदा इरादा सांगायचा, मध्ये चौकशी व्हायची, आणि लग्नाच्या कागदावर हजर असलेले सगळे सह्या करायचे. त्या सह्यांत मामा, आत्या, सावत्र भाऊ सापडतात. बायकांची सभा वेगळी भरे, तिची वहीही वेगळी. ती लोक उघडतच नाहीत, याची मला मनापासून चीड येते.

सभेतून काढून टाकलेल्या पूर्वजाची लाज वाटून घेऊ नकोस. डॅनियलचे वडील स्क्वायर बून यांना १७४८ मध्ये काढलं, कारण मुलाने सभेबाहेर लग्न केलं. अशा माणसाबद्दल वही जास्त बोलते. निमूटपणे जगलेल्यांबद्दल कधी कधी एक ओळही मिळत नाही.

माझ्यावर हट्टीपणाचा आरोप आहे, तो तुझ्या कानावर आला असेलच. एका कुटुंबाला आपला पूर्वज १६८२ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या क्वेकर विल्यम पेनबरोबर 'वेलकम' जहाजातून आला असं लिहून हवं होतं. त्या जहाजाची मूळ प्रवासी यादीच उरलेली नाही. नंतरच्यांनी जुळवलेल्या याद्या आहेत. मी लिहून दिलं नाही. घरातले आजोबा आजारी होते, त्यांच्यासाठी तरी लिहा, असं मला विनवलं गेलं. तरी नाही. ते गेले, आणि त्या घराने माझ्याशी बोलणं सोडलं. आजोबांच्या उशाशी बसून त्यांना दुसरं काही, खरं सापडलेलं, वाचून दाखवायचं राहून गेलं, ही खंत आहे. नकाराची नाही. आज पुन्हा विचारलं तरी तेच उत्तर देईन. त्यांची नातवंडं कधीतरी तो कागद खरा मानून पुढे निघाली असती.

हिनशॉचे अमेरिकन क्वेकर वंशावळींचे १९३६ पासून निघालेले खंड जरूर बघ, पण रस्ता कळण्यापुरते. ते गोषवारे आहेत. अमेरिकेकडच्या वह्यांसाठी स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड ही कॉलेजं. इंग्लंडच्या नोंदवह्या १८४० आणि १८५७ मध्ये सरकारजमा झाल्या, त्या आता लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पण क्यूकडे आत्ताच धावू नकोस. फिलाडेल्फियाची बाजू पक्की होईपर्यंत चेशरच्या त्या नावाला हात लावायचा नाही.

त्या सभेचं पान मिळालं की फोटो पाठव. आपल्याला हवा तेवढाच परिच्छेद काढू नकोस. इतिवृत्ताचा मथळाही येऊ दे, तारीख बहुतेक वेळा तिथे एकदाच लिहिलेली असते. पुढच्या महिन्याच्या सभेचं पानही जोड. दाखल्याबरोबर बायकोचं नाव आलंय का, ते मला बघायचंय.

तुझी,
मावशी