आयुष्मान कार्डावर घरी परिचारिकेचा खर्च मिळतो का?

पक्षाघातानंतर तुमच्या वडिलांना नाकातील नळीसह घरी सोडले आहे आणि परिचारिका ठेवल्यास तिचा खर्च आयुष्मान कार्डावर मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. मिळत नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे जे संरक्षण आहे, ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. डिस्चार्जनंतरचे १५ दिवस त्यात धरलेले असले, तरी ते औषधे आणि तपासण्यांसाठी आहेत.

माझ्या आईच्या बाबतीत हे मला फार उशिरा कळले. तिलाही गिळता येत नव्हते. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने नळीतून फीड कसे द्यायचे ते एकदा घाईघाईने दाखवले. निदान पहिला महिना प्रशिक्षित परिचारिका ठेवावी, असे माझे म्हणणे होते. दादा म्हणाले, "घरात एवढी माणसं असताना आईला परक्याच्या हाती द्यायचं?" त्यापुढे कोणी बोलले नाही आणि सगळे काम वहिनींवर व माझ्या पत्नीवर आले.

नवव्या दिवशी पहाटे वहिनी सिरिंजने पातळ पेज सोडत असताना आईला ठसका लागला, तो थांबेना, आणि तिचे ओठ निळे पडू लागले. नळीवरची जी खूण नाकपुडीशी असायला हवी, ती चार बोटे बाहेर आलेली होती. प्रत्येक फीडआधी ती खूण पाहायची, सिरिंजने ओढून पोटातला द्रव येतो का ते तपासायचे, हे आम्हाला कोणी बजावलेच नव्हते. वहिनींचा यात काडीचाही दोष नाही. पेज फुप्फुसात जाऊन न्युमोनिया झाला. शिवाय दाखल करताना माकडहाडावर शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) सापडला, जो कूस बदलताना आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आला नव्हता. त्या अकरा दिवसांचा रुग्णालयाचा खर्च कार्डावर झाला. ज्या परिचारिकेमुळे ते टळले असते, तिच्यासाठी मात्र एक रुपयाही मिळाला नसता. हे धोरण मला सरळसरळ चुकीचे वाटते. नळी, कॅथेटर, शय्याव्रणाचे ड्रेसिंग हे उपचार आहेत. रुग्ण घरी गेला म्हणून ते 'घरच्यांची सेवा' ठरत नाहीत. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे (गंभीर, दीर्घ आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचे) स्वतंत्र धोरण आणले आणि तेथे पंचायतींच्या मदतीने परिचारिका खाटेला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. जे एका राज्याला जमले, ते इतरांना जमणार नाही असे मी मानत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. काही जिल्हा रुग्णालयांतील पॅलिएटिव्ह पथके घरी भेट देतात, म्हणून तेथे चौकशी अवश्य करा. खासगी विमा असल्यास त्याच्या अटीही वाचा. नर्सिंग ब्युरोकडून परिचारिका घेणार असाल, तर ती एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम) झालेली आहे का हे विचारून नर्सिंग कौन्सिलचे नोंदणीपत्र पाहा, कारण नर्स म्हणून पुष्कळदा अटेंडंटच पाठवतात.

दादा आजही म्हणतात की आईची सेवा घरच्यांनीच करायची असते. त्या नऊ दिवसांत त्यांनी सिरिंज एकदाही हातात धरली नव्हती. तुमच्याकडे कोणी हाच मुद्दा काढला, तर डिस्चार्जपूर्वी, रुग्णालयातच, सिस्टरसमोर, त्यांना खूण तपासून एक संपूर्ण फीड स्वतःच्या हाताने द्यायला सांगा.